इंग्लंडांतील ग्राम-चर्चें : वास्तु व दप्तर

१. इतिहासाच्या साधनांचे लिखित व वास्तुरूप असे दोन वर्ग करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. पहिल्यांत कागदपत्र, शकावल्या, पोथ्या इत्यादि. दुसऱ्यांत किल्ले, देवळें, छत्र्या, घाट इत्यादि. अभ्यासाच्या सोयीसाठीं ही वांटणी ठीक आहे. परंतु तिचा एक परिणाम असा झाला आहे कीं, कागद जमविणारा देवळाच्या भिंतीकडे पाहत नाहीं आणि देवळाचीं मापें घेणारा पुजाऱ्याच्या घरचा रुमाल सोडून पाहत नाहीं. या दोन साधनांची फारकत झाल्यानें दोहोंचीही साक्ष लंगडी पडते. उलट तीं एकत्र वाचलीं असतां एकमेकांच्या चुका दुरुस्त करितात. हें प्रत्यक्ष पाहण्यास इंग्लंडांतील खेड्यापाड्यांच्या जुन्या चर्चांइतकें सोयीचें क्षेत्र क्वचित् सांपडेल. प्रस्तुत लेखांत त्यांपैकीं निवडक स्थळांचा याच एका दृष्टीनें परामर्श घेतला आहे.

२. प्रथम ‘पॅरिश’ म्हणजे काय तें सांगणें अवश्य आहे. एका धर्मोपाध्यायाच्या अधिकाराखालील मुलुखास पॅरिश म्हणतात. खेड्यांत तो बहुधा एक गांव व भोंवतालच्या वाड्या एवढा असतो. त्या मुलुखांतील लोकांचा बाप्तिस्मा, विवाह व दफन हीं तिन्ही तेथील चर्चमध्यें होत. सोळाव्या शतकापासून रस्त्यांची दुरुस्ती, निराधारांचा सांभाळ हीं दिवाणी कामेंही पॅरिशकडेच आलीं. त्यामुळें चर्च हें केवळ उपासनेचें स्थान न राहतां गांवची चावडी व दप्तरखाना या दोहोंचेंही काम करूं लागलें. इंग्लंडच्या अधिकृत पंथाचीं अशीं सुमारें सोळा हजार चर्चें आज आहेत व त्यांपैकीं तीनचतुर्थांशांहून अधिक संरक्षित वास्तूंच्या यादींत आहेत.

पाहणीस जाणाऱ्यानें एकदम आंत शिरूं नये. आधीं बाहेरून एक प्रदक्षिणा घालावी. वास्तूची लांबी पूर्व-पश्चिम असते. पूर्वेकडील वेदीचा भाग आपल्या गाभाऱ्याच्या जागीं समजावा. पश्चिमेकडे लोकांचा सभामंडप व बहुधा त्याच्या टोकास घंटांचा मनोरा. मध्ययुगापासूनचा सामान्य नियम असा कीं, वेदीच्या भागाची दुरुस्ती धर्मोत्पन्न खाणाऱ्यानें करावी व सभामंडपाची गांवकऱ्यांनीं. म्हणून लोंकरीच्या व्यापारानें गबर झालेल्या गांवीं सभामंडप उंच, प्रशस्त व नवा, आणि वेदीचा भाग मात्र दोन-तीनशें वर्षांनीं जुना व ठेंगणा, असा देखावा पुष्कळदां दिसतो. गांवचा पैसा कोठें गेला व कोणी हात आंखडता घेतला, हें भिंतींच्या उंचीवरूनच कळतें.

३. वास्तूचें वय ठरविण्याची पद्धति टॉमस रिकमन यानें बसवून दिली. हा गृहस्थ मूळचा शिल्पी नव्हे; लिव्हरपूल येथें विम्याच्या कचेरींत हिशेबनीस होता. फुरसतीच्या वेळीं चर्चें पाहत हिंडून त्यानें कमानी, खिडक्या व खांब यांच्या घडणीवरून चार काल ठरविले व १८१७ सालीं तें वर्गीकरण ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. अर्धवर्तुळाकार कमानींचा नॉर्मन काल. अणकुचीदार अरुंद खिडक्यांचा ‘अर्ली इंग्लिश’. खिडक्यांत दगडी जाळीकाम फुललेला ‘डेकोरेटेड’. व सरळ उभ्या रेषांचा ‘पर्पेंडिक्युलर’. हीं नांवें आजही चालू आहेत.

परंतु रिकमनची खरी करामत निराळीच आहे. नॉर्मन विजयाच्या, म्हणजे सन १०६६ च्या, पूर्वीचें बांधकाम इंग्लंडांत उरलें आहे कीं नाहीं याविषयीं त्या वेळीं एकमत नव्हतें. लिंकनशरमधील बार्टन-अपॉन-हंबर गांवच्या सेंट पीटर चर्चच्या मनोऱ्यावरून त्यानें हा प्रश्न सोडविला. त्याचा युक्तिवाद असा: या मनोऱ्याचा सर्वांत वरचा मजला नॉर्मन धर्तीचा आहे, खालचे मजले अगदीं निराळ्या घडणीचे, दगडी पट्ट्यांनीं नटविलेले व त्रिकोणी माथ्याच्या कोनाड्यांचे आहेत, वरचा मजला खालच्याच्या आधीं बांधला जाणें शक्य नाहीं, सबब खालचे मजले नॉर्मनांपूर्वींचे, सॅक्सन अमलांतील होत. पोथीच्या समासांत निराळ्या हातानें भर घातलेली आढळली म्हणजे मूळ मजकूर त्या भरीहून जुना ठरतो, तशांतलाच हा निर्णय आहे.

याच चर्चचा उपयोग १९७२ मध्यें थांबल्यावर १९७८ ते १९८४ पर्यंत तेथें पद्धतशीर उत्खनन झालें व दहाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे अडीच हजारांहून अधिक मानवी सांपळे मिळाले. एकाच गांवच्या नऊशें वर्षांच्या पिढ्यांचा हा संग्रह! हाडांवरून वय, आजार, कष्टाचीं कामें यांची अटकळ बांधतां येते. पण हा कोण, कोणाचा, हें हाडें सांगत नाहींत. तें काम कागदाचें.

४. कागदानें वास्तु शोधून दिल्याचें उदाहरण विल्टशरमधील ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथें आहे. तेथें एका दाटीच्या ठिकाणीं एक जुनी दगडी इमारत होती. तिच्या एका भागांत शाळा भरे व दुसऱ्या भागांत बिऱ्हाड राही. १८५६ च्या सुमारास तेथील धर्मोपाध्याय कॅनन जोन्स यांच्या लक्षांत आलें कीं, हें घर नसून प्राचीन चर्च आहे. पुढें बाराव्या शतकांतील माम्झबरीच्या विल्यम नांवाच्या मठवासी इतिहासकाराच्या ग्रंथांत त्यांना या गांवीं सेंट ऑल्डहेल्मनें स्थापिलेलें एक लहानसें चर्च आपल्या काळींही उभें असल्याचा उल्लेख आढळला. सेंट ऑल्डहेल्म हा सन ७०९ त वारला. लेख व वास्तु यांची गांठ पडली. शाळा व बिऱ्हाड उठलें आणि सेंट लॉरेन्सचें चर्च मोकळें झालें.

कथा येथेंच संपती तर ती कागदाच्या बाजूचा निर्विवाद विजय ठरती; पण तसें झालें नाहीं. पुढील अभ्यासकांनीं भिंतींची घडण, बाहेरील आंधळ्या कमानींची रांग व देवदूतांचीं शिल्पें बारकाईनें तपासलीं, तेव्हां ही वास्तु आठव्या शतकाची नसून अकराव्या शतकाच्या आरंभाची असावी असें पुष्कळांचें मत झालें. सन १००१ मध्यें राजा एथेलरेड यानें ब्रॅडफर्ड गांव शाफ्ट्सबरीच्या जोगिणींच्या मठास दिलें होतें. त्या देणगीशीं हें बांधकाम जुळतें. म्हणजे विल्यमचा उल्लेख खोटा नव्हे. परंतु स्थापना एका काळची व उभी वास्तु दुसऱ्या काळची असूं शकते, हा विवेक राहिला नव्हता. आपल्याकडे ‘हें देऊळ अमक्या पुरुषानें बांधिलें’ असें माहात्म्यांत वाचून समोरच्या जीर्णोद्धारित मंडपास तो काल लावण्याची जी चूक होते, तिचाच हा मासला आहे.

५. भिंतींवरील लेख व चित्रें हें तिसरें साधन. सोळाव्या शतकांतील धर्मक्रांतींत चर्चांच्या भिंतींवरील संतांचीं चित्रें मूर्तिपूजेचीं ठरून त्यांवर चुना फांसण्यांत आला. पोथीलेखक चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फांसतात, त्यांतलाच हा प्रकार. आणि हरताळाखालील अक्षर जसें कधीं कधीं वाचतां येतें, तशीं चुन्याखालीं हीं चित्रें टिकलीं. यॉर्कशरमधील पिकरिंग येथें १८५२ च्या सुमारास पंधराव्या शतकांतील चित्रांची मोठी मालिका चुन्याखालून निघाली. तिच्यामुळें उपासकांचें चित्त विचलित होतें असें वाटून तेथील धर्मोपाध्यायांनीं तीवर पुन्हां चुना दिला. पंचवीसएक वर्षांनीं ती दुसऱ्यांदा उघडण्यांत आली. खरी हानि केली ती जीर्णोद्धार करणाऱ्यांनीं. एकोणिसाव्या शतकांत ‘मूळचा दगड दिसावा’ या हौसेनें असंख्य चर्चांचा गिलावा खरवडून काढण्यांत आला व त्याबरोबर त्यावरील चित्रें व लेखही गेले. या खरवडीस विरोध करण्यासाठींच विल्यम मॉरिस यानें १८७७ मध्यें प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ संस्था काढली.

जेथें खरवडणारा हात पोंचला नाहीं तेथें काय सांपडतें, हें हर्टफर्डशरमधील अ‍ॅशवेल येथें पाहावें. तेथील सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्याच्या आंतील भिंतीवर लॅटिन भाषेंत खरडलेला एक लेख आहे. त्यांत १३५० च्या महामारीचा निर्देश असून, त्या दारुण साथीनंतर साक्ष देण्यास केवळ हलक्या प्रतीची माणसें मागें उरलीं, व १३६१ मध्यें सेंट मॉरसच्या दिवशीं जगांत प्रचंड वादळ झालें, अशा आशयाचा मजकूर आहे. त्याच भिंतीवर एका भव्य चर्चचें रेखाचित्र कोरलेलें असून तें लंडनच्या जुन्या सेंट पॉल्सचें समजलें जातें. ती वास्तु १६६६ च्या आगींत नष्ट झाली.

येथें एक कालगणनेचा मुद्दा आहे. सेंट मॉरसचा दिवस १५ जानेवारी. परंतु इंग्लंडांत त्या काळीं, व पुढें १७५१ पर्यंत, वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून लेखांतील १३६१ चा जानेवारी हा आजच्या गणनेनें १३६२ चा होय. व त्या वर्षींच्या जानेवारींत मोठें वादळ झाल्याचें अन्य साधनांवरूनही सिद्ध आहे. शकाच्या पौष-माघांतील मितीस इसवी सन काढतांना ७८ ऐवजीं बहुधा ७९ मिळवावे लागतात, हें ज्यांच्या अंगवळणीं पडलें आहे त्यांस ही अडचण नवी वाटणार नाहीं. इंग्लंडचा कोणताही जुना लेख अथवा नोंदवही वाचतांना जानेवारीपासून २४ मार्चपर्यंतच्या तारखा अशाच जपून घ्याव्या लागतात.

६. आतां दप्तराकडे वळूं. १५३८ मध्यें आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढिला कीं, प्रत्येक पॅरिशनें एक वही ठेवून तींत दर रविवारीं मागील आठवड्यांतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें नोंदावीं. वही दोन कुलुपांच्या पेटींत असावी, एक किल्ली धर्मोपाध्यायाकडे व दुसरी चर्चवॉर्डनांकडे, म्हणजे गांवानें नेमलेल्या कारभाऱ्यांकडे राहावी. हा नव्या कराचा डाव आहे अशी लोकांत आवई उठली होती. १६०३ च्या नियमांनीं कुलुपें तीन झालीं. या पेट्या अजून अनेक चर्चांत आहेत. कांहीं तर ओकच्या एकाच ओंडक्यांतून कोरलेल्या, लोखंडी पट्ट्यांनीं जखडलेल्या व हुकमाहून कितीतरी जुन्या आहेत.

नोंदवह्यांचा उपयोग करणाऱ्यानें त्यांची मूळ प्रत व नक्कल यांचा भेद प्रथम पाहिला पाहिजे. आरंभींच्या वह्या कागदी असत व लवकर खराब होत. १५९८ मध्यें आज्ञा झाली कीं, जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरून घ्याव्या. विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या, घ्याव्या. पुष्कळ उपाध्यायांनीं या ‘विशेषतः’चा सोयीस्कर अर्थ करून आधींचीं वीस वर्षें गाळून टाकलीं. त्यामुळें इतक्या गांवच्या नोंदी नेमक्या १५५८ पासून सुरू होतात. त्यापूर्वीं ती गांवें ओस नव्हतीं. लेखनिकानें श्रम वांचविले, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वेळीं ठरलेली दुसरी गोष्ट मात्र दूरदर्शीपणाची होती: दर वर्षीं नोंदींची एक नक्कल बिशपच्या कचेरींत जावी. मूळ वही जळाली वा भिजली असतां या दुसऱ्या प्रतीनेंच अनेक गांवांचा इतिहास वांचविला आहे.

७. हिशेबाच्या वह्यांचें महत्त्व याहूनही अधिक ठरतें, हें डेव्हनशरमधील मोअरबाथ या गांवावरून दिसेल. हें तेहतीसएक घरांचें लहानसें गांव. सर क्रिस्टोफर ट्रिके हा उपाध्याय तेथें १५२० पासून १५७४ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षें होता. या अवधींत राज्याचा धर्म वारंवार बदलला. उपाध्याय मात्र तोच राहिला व चर्चचे हिशेब स्वहस्तें लिहीत राहिला. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या गांवकऱ्यांत वांटलेल्या असत व त्यांच्या लोंकरीच्या उत्पन्नावर संतांच्या मूर्तींपुढील दिवे चालत. आपल्याकडील नंदादीपाच्या इनामांची येथें सहज आठवण होते. काळीं उपासनावस्त्रें घेण्यासाठीं ट्रिकेनें वर्षानुवर्षें पैसा सांठविला. तीं १५४७ मध्यें हातीं आलीं आणि थोड्याच काळांत नव्या धर्माज्ञांनीं तीं निरुपयोगी ठरलीं. १५४९ मध्यें इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध पश्चिमेकडे बंड झालें; तेव्हां या गांवानें पांच तरुणांना खर्चास पैसे देऊन एक्सेटरजवळील बंडवाल्यांच्या तळावर धाडल्याची नोंद याच हिशेबांत आहे. बंड चिरडलें गेलें. त्यानंतरच्या पानांवर वस्तूंची विक्री, कर व कर्ज यांचीच गर्दी दिसते. मेरी राणीच्या काळीं जुना धर्म परत येतांच गांवकऱ्यांनीं घरोघर लपविलेल्या पवित्र वस्तु बाहेर काढिल्या, तेंही ट्रिकेनें आनंदानें टिपलें आहे.

हे हिशेब बिनी नामक गृहस्थांनीं १९०४ मध्यें छापिले व एमन डफी यांनीं २००१ मध्यें त्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण आज मोअरबाथचें चर्च पाहण्यास जाणाराची निराशाच होईल. १८७० नंतर बटरफील्ड या शिल्प्यानें त्याचा इतका आमूलाग्र जीर्णोद्धार केला कीं, ट्रिकेच्या काळचें फारच थोडें तेथें उरलें आहे. येथें वास्तु मुकी झाली असून वहीच बोलते. अ‍ॅशवेलला याच्या उलट, भिंत जें सांगते तें वहीच्या जन्मापूर्वींचें आहे.

८. दोन्ही साधनें टिकलीं आहेत, तरीही सावध राहावें लागतें, असें स्थळ म्हणजे डर्बिशरमधील ईम. १६६५ च्या सप्टेंबरांत या डोंगरी गांवीं प्लेग शिरला. लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तो आला असें सांगतात. पुढील उन्हाळ्यांत विल्यम मॉम्पेसन हा उपाध्याय व टॉमस स्टॅन्ली हा त्याचा पदच्युत पूर्वाधिकारी या दोघांच्या सल्ल्यानें गांवानें आपण होऊन शींव बंद केली. कोणी बाहेर जावयाचें नाहीं असें ठरविलें. १६६६ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारें २६० माणसें मेलीं. चर्चच्या आवारांत सॅक्सन काळचा कोरीव क्रूस आहे व जवळच मॉम्पेसनची पत्नी कॅथरिन हिचें थडगें आहे. ती १६६६ च्या ऑगस्टांत वारली. इतरांना असें आवारांत दफन मिळालें नाहीं. गांवाबाहेर रायलीच्या शेतांत हॅन्कॉक कुटुंबाच्या कबरी आहेत. तेथें एका बाईनें आठ दिवसांत नवरा व सहा मुलें पुरलीं. नोंदवहींत हीं सातही नांवें ओळीनें येतात. वही पाहून मग त्या शेतांत जाऊन उभें राहावें, म्हणजे नुसत्या आंकड्याचा अर्थ कळतो.

तथापि या वहीविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. उपलब्ध वही त्या वेळची मूळ नव्हे. सन १७०५ च्या सुमारास पुढील एका उपाध्यायानें केलेली ती नक्कल आहे. दुसरें, वही मेलेल्यांची नोंद देते, जगलेल्यांची देत नाहीं. गांवची वस्ती साडेतीनशें होती व त्यांतील मूठभरच वांचले, असें पुष्कळ दिवस सांगितलें जाई. परंतु १६६४ च्या चूल-कराच्या यादीवरून व अन्य नोंदींवरून ती वस्ती सातशेंच्या घरांत होती असें अलीकडील अभ्यासकांनीं दाखविलें आहे. यामुळें गांवच्या धैर्यास कमीपणा येत नाहीं. पण दंतकथेचा आंकडा व दप्तराचा आंकडा यांत अर्ध्याचा फरक पडला, तो एका सरकारी कराच्या कागदानें उघड केला.

९. मराठ्यांच्या इतिहासाशीं निगडित अशा दोन व्यक्ति याच ग्राम-चर्चांच्या भूमींत विसावल्या आहेत. १७५६ च्या फेब्रुवारींत तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर वॉटसनच्या आरमाराबरोबर चालून गेलेला रॉबर्ट क्लाइव्ह १७७४ मध्यें मरण पावला. त्याला श्रॉपशरमधील मोअरटन से या त्याच्या जन्मगांवच्या पॅरिशमध्यें, कबरीवर नांव न घालतां पुरण्यांत आलें. पेशवाईनंतर दक्षिणेचा बंदोबस्त करणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ मध्यें सरेमधील लिंप्सफील्ड येथें वारला व तेथेंच त्याचें दफन झालें. इकडील मोठमोठ्या कागदांवर ज्यांच्या सह्या आहेत त्यांचा शेवट एका खेड्याच्या वहींतील एका ओळींत झाला आहे.

१०. सांप्रतची स्थिति अशी आहे. १९७८ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील दप्तर सामान्यतः जिल्ह्याच्या दप्तरखान्यांत ठेवणें प्राप्त झालें. ओल, आग व चोरी यांपासून त्याचा बचाव झाला, यांत शंका नाहीं; परंतु पेटी चर्चमध्यें रिकामी राहिली व वही चाळीस मैलांवर गेली. दुसरीकडे, ओस पडलेलीं साडेतीनशेंहून अधिक चर्चें १९६९ मध्यें स्थापन झालेल्या एका विश्वस्तनिधीकडे आलीं आहेत; तेथें भिंती जपल्या जातात, पण गांव तेथें जमत नाहीं. ही फारकत अपरिहार्य असेल. तरी ती सुसह्य झाली आहे, कारण कोणती वही कोणत्या चर्चची, कोणत्या पेटींतून, केव्हां आली, याची नोंद बहुधा शाबूत आहे. वही हलली तरी तिचा पत्ता हरवला नाहीं.

आपल्या संग्राहकांपुढें हाच मुद्दा नम्रपणें मांडावयाचा आहे. एखाद्या कुलकर्ण्याच्या किंवा पुजाऱ्याच्या घरचा रुमाल फोडून त्यांतील शिक्क्याचीं चार पत्रें उचलावीं व बाकीचे ‘किरकोळ हिशेब’ मागें टाकावे, अशी रीत अद्यापि सर्वस्वीं गेलेली नाहीं. मोअरबाथची वही अशा किरकोळ हिशेबांचीच आहे. सबब विनंति एवढीच कीं, कागद हातीं येतांच गांव, घर, देवस्थान, रुमालाचा अनुक्रम व प्राप्तीचा दिवस एका चिठ्ठीवर लिहून ती त्या कागदासच जोडून ठेवावी. रुमालाचा मूळ क्रम मोडूं नये. शक्य तर नक्कल दुसऱ्या स्थळीं ठेवावी. आणि ज्या देवळाशीं त्या कागदाचा संबंध असेल तें एकदां स्वतः जाऊन, प्रदक्षिणा घालून, पाहून यावें. इत्यलम्.